दोन मायक्रॉनची फट आणि घाटातला काळा धूर

कसारा असो, खंबाटकी असो की आंबोली, चढणीवर पुढे एखादा जुना, भरलेला ट्रक असला की मागच्या दुचाकीस्वाराची सुटका नसते. चालक गिअर बदलून अ‍ॅक्सिलेटर दाबतो आणि मागे काळ्या धुराचा लोट उठतो. आपण नाकाला रुमाल लावतो, मोटारीत असू तर काच वर करतो आणि ‘जुनी गाडी आहे, धूर सोडणारच’ असे म्हणून विषय सोडून देतो.

हे म्हणणे अर्धेच खरे आहे. जुन्या बांधणीचे इंजिन नव्या इंजिनाइतके स्वच्छ कधीच चालणार नाही, हे बरोबर. पण रस्त्यावर दिसणारा गडद काळा धूर हा बहुतेक वेळा गाडीच्या वयाचा नसून तिच्या बिघाडाचा असतो. या बिघाडाची बरीचशी कारणे इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या एका ओतीव पेटीत सापडतात. तिला सगळे नुसते ‘पंप’ म्हणतात. डिझेल मोजून, ठरल्या क्षणी आणि मोठ्या दाबाने प्रत्येक सिलिंडरला पोहोचवणे हे तिचे काम. हे काम पंपातल्या दोन पोलादी भागांमधल्या फटीवर अवलंबून असते. ती फट साधारण दोन ते तीन मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट. आपल्या डोक्याचा केस तिच्यापेक्षा वीस-पंचवीस पट जाड असतो. ही फट थोडी वाढली की त्याचा हिशेब रस्त्यावरच्या फुफ्फुसांना चुकवावा लागतो.

धुरात काय असते?

डिझेलचा काळा धूर म्हणजे पूर्ण न जळलेल्या इंधनापासून तयार झालेली काजळी. तिचे कण बहुतेक एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात आणि त्यांतले पुष्कळसे तर मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही बारीक असतात. नाकातले केस आणि घशातला कफ मोठी धूळ अडवतात, पण हे कण थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. ते एकटेही जात नाहीत. कार्बनच्या त्या कणांवर अर्धवट जळलेल्या इंधनातली आणि वंगणातली अनेक सेंद्रिय रसायने चिकटलेली असतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये डिझेलच्या धुराला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले होते. जून २०१२ मध्ये त्याची नोंद पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा असे निश्चित झालेल्या पदार्थांत झाली. या निर्णयामागे अमेरिकेतल्या आठ खाणींमधल्या बारा हजारांहून अधिक कामगारांच्या पाहणीचा मोठा आधार होता. जमिनीखाली डिझेल यंत्रांच्या धुरात सर्वाधिक काळ काम केलेल्यांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कमी संपर्क आलेल्यांच्या सुमारे तिप्पट दिसला.

हा परिणाम वर्षानुवर्षांच्या संपर्काचा झाला. तात्काळ परिणामही मोजलेला आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, पण प्रकृती स्थिर असलेल्या वीस पुरुषांना एक तासभर विरळ केलेल्या डिझेल धुरात बसवले आणि मधूनमधून हलका व्यायाम करायला लावला. दुसऱ्या वेळी हेच सारे गाळलेल्या स्वच्छ हवेत केले. धुराच्या वेळी व्यायाम करताना हृदयाच्या स्नायूला रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण ईसीजीवर अधिक ठळक दिसली आणि रक्तातल्या गुठळ्या विरघळवण्याची शरीराची क्षमताही घटली. म्हणूनच हृदयरुग्णाने रहदारीच्या रस्त्यावर भरभर चालायला जाऊ नये, असे डॉक्टर सांगतात.

थेंबापेक्षाही कमी

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेल इंजिनात ती नसते. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवली जाते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे डिझेल किती आणि केव्हा फवारले जाते, यावरच सारे ठरते.

रूडॉल्फ डिझेल यांचे इंजिन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चालू लागले, पण ते ट्रकमध्ये सहज बसेल असा छोटा आणि भरवशाचा पंप मिळायला आणखी तीन दशके गेली. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये अशा पंपाचे कारखान्यात उत्पादन सुरू केले. भारतात १९५१ मध्ये बंगळुरूत ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’, म्हणजे ‘मायको’ स्थापन झाली आणि १९५४ मध्ये टाटांनी डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. पुढची कित्येक दशके आपल्या रस्त्यांवरच्या ट्रकांच्या पंपावर आणि नोझलवर ‘मायको’ हेच नाव असे. या कंपनीचा नोझलचा कारखाना नाशिकला आला आणि तिथल्या ‘मायको सर्कल’ला त्याच्यामुळेच नाव मिळाले. २००८ मध्ये कंपनीचे नाव ‘बॉश लिमिटेड’ झाले, तरी गॅरेजमध्ये आजही ‘मायकोचा पंप’ असेच म्हणतात.

सहा सिलिंडरच्या ट्रकच्या पंपात ओळीने सहा जोड्या असतात. प्रत्येक जोडीत एक नळी, म्हणजे बॅरल, आणि तिच्यात वरखाली होणारा दांडा, म्हणजे प्लंजर. या जोडीला फिटर ‘एलिमेंट’ म्हणतात. खाली फिरणारा कॅम प्लंजरला वर ढकलतो. वर जाताना प्लंजरने बॅरलच्या भिंतीतले छिद्र झाकले की कोंडलेल्या डिझेलवर दाब चढतो आणि ते नळीतून नोझलकडे धावते. प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच असते. ती छिद्रासमोर आली की दाब सुटतो आणि फवारा थांबतो. प्लंजर थोडा फिरवला की ही खाच लवकर किंवा उशिरा छिद्रासमोर येते आणि डिझेल कमी-जास्त होते. अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर पंपातला रॅक एवढेच करतो, सहाही प्लंजर एकदम थोडेसे फिरवतो.

यातल्या मापांचा एक साधा हिशेब करून पाहू. समजा, ट्रक ताशी ४० किलोमीटर वेगाने चालला आहे आणि लिटरला ४ किलोमीटर देतो आहे. म्हणजे तासाला १० लिटर डिझेल. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ७५० फवारे होतात, सहांत मिळून तासाला २ लाख ७० हजार. भागाकार केला तर एका फवाऱ्यात सुमारे ३७ घन मिलिमीटर डिझेल येते, म्हणजे पाण्याच्या एका थेंबापेक्षाही कमी. हे माप सहाही सिलिंडरांत सारखे पडले पाहिजे आणि नोझलची सुई उचलण्यासाठी लागणाऱ्या दोनशेच्या आसपास बार दाबाने आत शिरले पाहिजे. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब दोन-अडीच बार असतो, त्याच्या हा जवळपास शंभरपट.

इतक्या दाबाला फटीतून निसटू द्यायचे नसेल तर प्लंजर आणि बॅरल एकमेकांत अगदी घट्ट बसले पाहिजेत. तिथे रबराची रिंग चालत नाही. दोन्ही भाग एकमेकांबरोबर घासून जुळवलेले असतात, म्हणून एका जोडीचा प्लंजर दुसऱ्या जोडीत कधी घालत नाहीत. त्यांच्यामधल्या फटीत वंगण म्हणून डिझेलच असते, दुसरे काही नाही.

झीज कशी होते?

डिझेलमधला बारीक कचरा हा पंपाचा पहिला शत्रू. रस्त्यावरच्या धुळीत गारेचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात आणि ते कडक केलेल्या पोलादालाही ओरखडतात. प्लंजरच्या वरच्या कडेजवळ आणि तिरक्या खाचेजवळ डिझेल सर्वांत वेगाने वाहते. त्यामुळे झीजही तिथेच अधिक होते. काढलेला प्लंजर उजेडात धरला तर आरशासारख्या चकचकीत अंगावर छिद्रासमोरच्या जागी धूसर पट्टा दिसतो. बोटाला तो जाणवतही नाही, पण तेवढ्याने एलिमेंट बाद होते.

दुसरा शत्रू पाणी. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळी हवेतली वाफ थिजते, पाणी तळाशी बसते आणि पुढे पंपात जाऊन गंज धरते. म्हणून कापडी आणि कागदी अशा दोन फिल्टरांतून डिझेल गाळले जाते आणि पाणी सोडण्यासाठी खाली बोल्ट असतो. फिल्टरचे पैसे वाचवण्यासाठी तोच कागदी फिल्टर डिझेलमध्ये खळबळून पुन्हा बसवला, तर वाचलेल्या पैशांच्या अनेक पट खर्च पुढे पंपावर येतो.

तिसरा शत्रू भेसळ. रॉकेल डिझेलपेक्षा बरेच पातळ असते, त्यामुळे फटीतला वंगणाचा थर विरळ होतो आणि पोलाद पोलादावर घासू लागते. रेशनचे रॉकेल निळे करण्यामागे ही चोरवाट बंद करणे हाही हेतू होता. या धंद्याची मुळे किती खोल होती, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मनमाडजवळ इंधन भेसळ रोखायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना त्या दिवशी जिवंत जाळण्यात आले.

‘नव्या डिझेलने जुने पंप खाल्ले’ अशी तक्रार गॅरेजमध्ये ऐकू येते. तिच्यामागे थोडे तथ्य आहे, पण अर्थ वेगळा आहे. १९९०च्या दशकात आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक असे. एप्रिल २०२० पासून ते दहा लाख भागांत दहा भागांवर आले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक गुळगुळीतपणाही कमी होतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये फार कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा पंप खराब होण्याच्या घटना घडल्या होत्या. त्यानंतर शुद्धीकरण कारखान्यातच वंगणपूरक द्रव्य मिसळायची पद्धत रूढ झाली आणि इंधनाच्या मानकात वंगणक्षमतेची कसोटी आली. आपल्या आजच्या डिझेललाही ती लागू आहे. त्यामुळे खात्रीच्या पंपावर घेतलेले डिझेल जुन्या ट्रकला घातक नाही. घातक आहे ती स्वस्तात, हातगाडीवर, कॅनमधून मिळणारी वस्तू.

ओले फडके काय सांगते?

जुन्या ट्रकचे चालक एक युक्ती करतात. गाडी सकाळी व्यवस्थित सुरू होते, पण ढाब्यावर जेवून आले की सेल्फ मारमारूनही इंजिन उठत नाही. मग पंपावर ओले फडके टाकायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सेल्फ मारायचा. गाडी सुरू होते.

यात जादू काही नाही. डिझेल तापले की पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून अधिक निसटते. सेल्फवर इंजिन हळू फिरत असल्याने निसटायला वेळही जास्त मिळतो, त्यामुळे नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. पंप गार झाला की डिझेल घट्ट होते आणि गळती घटते. म्हणजे ओले फडके हा उपाय नसून निदान आहे. ज्या गाडीला ते लागू लागले, तिचे एलिमेंट झिजल्याची शंका घ्यायला हवी. तापलेल्या पंपावर थेट गार पाणी ओतणे मात्र टाळावे. बाहेरचा भाग अचानक आकसला तर आतला प्लंजर अडकू शकतो.

स्क्रू वाढवण्याचा मोह

इथे वाचकाच्या मनात प्रश्न येईल. पंप झिजला तर डिझेल कमी जाणार. मग धूर जास्त कसा?

याचे उत्तर पुढच्या पायरीत आहे. समजा, सहापैकी चार एलिमेंट बरी आहेत आणि हजार फवाऱ्यांना ५० मिलिलिटर डिझेल देतात. झिजलेली दोन फक्त ४० देतात. गाडी ओढत नाही, घाटात एक गिअर खाली मारावा लागतो. मालक म्हणतो, ‘पिकअप नाही, जरा पंप वाढवून दे.’ पूर्ण पंप उतरवून दुरुस्त करायला पैसे आणि दोन दिवसांचा खाडा लागतो. म्हणून पंपावरचे सील तोडून, जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारा स्क्रू फिरवला जातो. आता दुबळी दोन ५० वर येतात, पण बरी असलेली चार ६० वर जातात. सिलिंडरमध्ये येणारी हवा तेवढीच आहे. जादा डिझेलला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि त्याची काजळी होते. एका दुखण्यावरचा उतारा दुसरे दुखणे घेऊन येतो. जादा माल भरलेल्या गाडीत तर हा मोह अधिकच.

ते सील शोभेसाठी नसते. या इंजिनात याहून जास्त डिझेल गेले तर ते नीट जळणार नाही, ही कारखान्याने मोजून आखलेली सीमा असते.

पंपाबरोबर त्याची भावंडेही झिजतात. प्रत्येक एलिमेंटच्या वर डिलिव्हरी व्हॉल्व्ह असतो. फवारा संपताच तो नळीतला दाब झटकन उतरवतो. तो सैल झाला की फवारा नीट तुटत नाही. नोझलच्या सुईची बैठक खराब झाली किंवा स्प्रिंग बसली की धुक्यासारख्या फवाऱ्याऐवजी थेंब पडू लागतात. थेंब नीट जळत नाहीत. कित्येकदा फक्त नोझल दुरुस्त करून धूर निम्म्याहून कमी झालेला दिसतो, म्हणून जाणता फिटर पंपाला हात लावण्याआधी नोझल तपासतो.

टायमिंग म्हणजे नेमके काय?

डिझेल बरोबर मापात आले, तरी ते बरोबर क्षणी यावे लागते. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या थोडे आधी फवारा सुरू व्हायला हवा. कारण फवारा आणि प्रत्यक्ष पेट यांच्यात साधारण मिलिसेकंदभराचे अंतर असते. हे ‘थोडे आधी’ फिटर अंशांत मोजतात. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर इंजिनाची दांडी एका सेकंदात ९००० अंश फिरते, म्हणजे एक अंश सेकंदाच्या नऊ हजाराव्या भागाचा होतो. तीन-चार अंशांची चूक इंजिनाला चांगलीच जाणवते.

टायमिंग मागे पडले, म्हणजे फवारा उशिरा आला, तर पिस्टन खाली सरकू लागल्यावरही डिझेल जळत राहते. ताकद कमी मिळते, सायलेन्सर जास्त तापतो, काजळी वाढते आणि थंड इंजिनात न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर येतो. टायमिंग फार पुढे गेले तर ज्वलन एकदम होते, इंजिन ठोकू लागते आणि बेअरिंग, पिस्टन, हेड गास्केट यांच्यावर ताण येतो. काजळी कमी दिसते, पण जास्त तापमानामुळे हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, तरी श्वासनलिकांना चुरचुरतात आणि उन्हात जमिनीलगतचा ओझोन तयार होण्यास हातभार लावतात. म्हणजे ‘धूर गेला, काम झाले’ असे म्हणता येत नाही. टायमिंग इंजिनाच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या अंशावरच हवे, त्याच्या अलीकडे नको आणि पलीकडेही नको.

टायमिंग मागे पडण्याचे एक कारण झीज हेच आहे. गळक्या एलिमेंटमध्ये दाब चढायला उशीर लागतो. कॅमवर चालणारा रोलर, टायमिंगचे गिअर आणि कपलिंग झिजले की आणखी उशीर होतो. शिवाय प्रत्येक सिलिंडरची झीज वेगळी असल्याने उशीरही वेगवेगळा. म्हणून एका सिलिंडरवर टायमिंग जुळवले, तरी बाकी पाच जुळतीलच असे नाही.

गाडीवर टायमिंग तपासायची जुनी पद्धत आजही खात्रीची आहे. पहिल्या सिलिंडरच्या एलिमेंटवरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथे वाकडी नळी बसवतात. तिच्यातून डिझेलची धार पडत असते. इंजिन हाताने हळूहळू फिरवत नेले की धार बारीक होते, थेंब पडू लागतात आणि मग थेंबही थांबतो. प्लंजरने छिद्र झाकले तो हाच क्षण. त्या वेळी फ्लायव्हीलवरची खूण किती अंश दाखवते ते पाहायचे. फरक असेल तर बोल्ट सैल करून पंप किंचित वळवायचा. पंप त्याच्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवला की टायमिंग पुढे येते, फिरण्याच्या दिशेला वळवला की मागे जाते. मग पुन्हा तपासायचे. कानाने आवाज ऐकून टायमिंग ‘बसवणारे’ उस्ताद आहेत, पण फ्लायव्हीलवरच्या खुणेला पर्याय नाही.

बेंचवर खरे कळते

पंपाची खरी तपासणी मात्र गाडीवर होत नाही. पंप उतरवून टेस्ट बेंचवर चढवला जातो. तिथे मोटर त्याला वेगवेगळ्या वेगांनी फिरवते, सहा नोझलांतून पडणारे तेल सहा काचेच्या नळ्यांत जमा होते आणि ठरावीक फवाऱ्यांना कुठे किती पडले हे उघड्या डोळ्यांनी दिसते. सुस्थितीतल्या पंपात सहाही पातळ्या जवळजवळ सारख्या असतात. फवारे एकमेकांपासून बरोबर ६० अंशांवर सुरू होतात का, सेल्फच्या वेगावर पुरेसे डिझेल मिळते का, ठरलेल्या वेगापुढे गव्हर्नर डिझेल तोडतो का, हेही तिथेच कळते. याला कॅलिब्रेशन म्हणतात.

इथे मालकांसाठी एक सूचना. ‘कॅलिब्रेशन करून दिले’ एवढ्यावर समाधान मानू नका. दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून मागा आणि स्क्रूला पुन्हा सील लावून घ्या. झिजलेली एलिमेंट तशीच ठेवून केवळ रॅक सरकवून पातळ्या सारख्या केल्या, तर बेंचवरच्या एका वेगाला त्या जुळतात आणि हळू वेगाला पुन्हा बिघडतात. म्हणून किमान दोन-तीन वेगांचे आकडे पाहायला हवेत.

धूर म्हणजे फुकट गेलेले डिझेल, असे म्हटले जाते. खरे तर काजळीच्या रूपाने बाहेर पडणारा कार्बन जळलेल्या डिझेलच्या मानाने अगदी थोडा असतो. मोठे नुकसान होते ते उशिरा जळणाऱ्या डिझेलमुळे. ते जळते, पण गाडी ओढायला नाही, सायलेन्सर तापवायला. म्हणून पंप आणि टायमिंग सुधारले की धुराबरोबर अ‍ॅव्हरेजमध्येही फरक पडतो. ज्याचा सारा संसार एका ट्रकवर आहे त्याला हा मुद्दा प्रदूषणाच्या नियमापेक्षा लवकर पटतो.

फिटरचे हात, चालकाचा घसा

डिझेलचा सर्वांत जास्त त्रास होतो तो त्याच्याजवळ काम करणाऱ्यांना. त्यासाठी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, नोझलचा फवारा कधीही हातावर घेऊन पाहू नये. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. बाहेर सुई टोचल्याएवढीच खूण दिसते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. काही तासांत बोट सुजते, आतले स्नायू आणि ऊती मरू लागतात आणि उशीर झाला तर बोट कापावे लागू शकते. असे झाल्यास मलमपट्टी करून थांबू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे आणि ‘दाबाखालचे डिझेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे.

दुसरी, टाकीतून डिझेल काढताना नळी तोंडाने ओढू नये. चुकून ठसका लागला तर डिझेल फुफ्फुसात जाते आणि रासायनिक न्युमोनिया होतो. गिळले गेले असल्यास उलटी करवू नये. उलटीबरोबर ते फुफ्फुसात जाण्याचा धोका वाढतो. खोकला, धाप किंवा ताप आला तर थेट डॉक्टरकडे जावे.

तिसरी, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नये. दारे उघडावीत, सायलेन्सरला पाइप जोडून धूर बाहेर सोडावा. तोंडाला बांधलेला रुमाल काजळीचे बारीक कण अडवत नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

चौथी, हात डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ नयेत. कातडीतला नैसर्गिक तेलकटपणा जाऊन भेगा पडतात आणि इसब होतो. काम करताना हातमोजे वापरावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

धुराचा रंग ओळखा

सगळा दोष पंपावर टाकणेही बरोबर नाही. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. त्यामुळे आधी एअर फिल्टर पाहावा. धुळीने बुजलेला फिल्टर हेही काळ्या धुराचे नेहमीचे कारण आहे आणि ते सर्वांत स्वस्तात दूर होते. मग नोझल, मग टायमिंग, शेवटी पंप, हा क्रम खिशाला परवडणारा आहे. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळाने थांबत असेल तर चिंता नाही. गरम इंजिनातही तो येत राहिला तर टायमिंग, नोझल किंवा कॉम्प्रेशन तपासावे. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. तो दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा व्हॉल्व्हचा आणि त्यावर पंप दुरुस्त करणे म्हणजे म्हशीच्या आजाराला पखालीला डाग देण्यासारखे.

मोजणी आणि तिच्या मर्यादा

पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीची तपासणी धुराच्या घनतेवर होते. अ‍ॅक्सिलेटर एकदम पूर्ण दाबून इंजिन कमाल वेगावर नेतात आणि त्या वेळचा धूर मोजयंत्रात घेतात. जुन्या गाड्यांची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे. याचा अर्थ, ४३ सेंटीमीटर लांबीच्या धुराने भरलेल्या नळीतून प्रकाश सोडला तर त्यातला ६५ टक्के अडला तरी गाडी उत्तीर्ण होते. बीएस-४ गाड्यांसाठी हीच मर्यादा ५० आहे. म्हणजे ‘पीयूसी आहे’ याचा अर्थ धूर नाही असा होत नाही. शिवाय चाचणीपुरता स्क्रू कमी करायचा आणि नंतर पुन्हा वाढवायचा, हा खेळ नवा नाही. पंपाचे सील शाबूत आहे का, हे पाहण्याची सवय तपासणीत रुजली तर तो बराच आटोक्यात येईल.

आणखी एक मर्यादा मान्य करायला हवी. उत्तम कॅलिब्रेशन केलेला पंप जुन्या ट्रकला फार तर तो कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा होता तसा करतो. आजच्या बीएस-६ ट्रकमध्ये दोन हजार बारच्या घरातला दाब, संगणकाने ठरवलेले टायमिंग आणि काजळी अडवणारी गाळणी असते. जुना ट्रक तिथवर पोहोचू शकत नाही. शाळा, रुग्णालये आणि दाट वस्तीतून या गाड्या हळूहळू बाहेर काढणे हाच दूरचा उपाय आहे.

पण तोवर त्या रस्त्यावर आहेत. वाळू, ऊस, कांदा, विटा त्यांच्यातूनच जातात आणि त्यांचे मालक एका दिवसात नवा ट्रक घेऊ शकत नाहीत. अशा गाडीसाठी फिल्टर वेळेवर बदलणे, महिन्यातून एकदा पाणी सोडणे, खात्रीचे डिझेल घेणे, नोझल नियमित तपासून घेणे आणि गाडी ओढेनाशी झाली तर सील न तोडता पंप बेंचवर नेणे, एवढे करणे शक्य आहे. आजपासून करता येण्यासारखे ते आहे आणि त्याचा फायदा ट्रकमालकाच्या डिझेल खर्चाला जितका, तितकाच घाटात त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या श्वासाला आहे.